कापड राहिले, विणणारा गेला

गिरणीसंपाची आठवण निघाली की बोलणे डॉ. दत्ता सामंतांपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. संप योग्य होता की आततायी, हा वाद चाळीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. व्यापारी घरांनी विचारावा असा प्रश्न मात्र निराळा आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबविले आणि साठाच्या आसपास गिरण्यांचे भोंगे मुके झाले. तरीही देशात कापडाचा दुष्काळ पडला नाही. तो का पडला नाही?

उत्तर भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी या गावांत आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. म्हणजे हा धंदा काही संपाने जन्माला घातलेला नव्हे. संपाने त्याला मागणी पुरविली. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचा आणि मजुरी मीटरवर ठरलेली, या व्यवस्थेत गिरणीचा सगळा स्थिर खर्च वगळला जातो. भविष्यनिर्वाह निधी नाही, कायम नेमणूक नाही, पाळी आठ तासांची नव्हे तर बारा तासांची. काही गिरण्यांनीही आपले कापड या मागांवर विणून घेतले आणि त्यावर स्वतःची छाप मारली. आढतीवरच्या व्यापाऱ्याला माल वेळेवर आणि स्वस्त मिळत होता. कापड कोठे विणले, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते, आणि त्याने ते विचारलेही नाही.

अर्थशास्त्राची पुस्तके येथे समाधानाने पान उलटतात. एका ठिकाणचे काम बुडाले, दुसऱ्या ठिकाणी उभे राहिले. बाजाराने जुळवून घेतले. परंतु काम हलले म्हणून काम करणारा हलतोच असे नाही. परळ ते भिवंडी हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. काही साचेवाले तिकडे गेलेही. पण बहुसंख्य गेले नाहीत. गिरणीत वीस वर्षे काढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने जास्त तासांसाठी कमी मजुरी घ्यावी, चाळीतील खोली सोडावी, मुलांची शाळा सोडावी आणि पुन्हा नवख्यासारखे उभे राहावे, हे गणित त्याच्या बाजूने कधीच जुळत नव्हते. त्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले तरुण उभे राहिले. जागा भरली, पण जुन्या माणसाने नव्हे.

मग तो जुना माणूस गेला कोठे? पहिले महिने तो गावी गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची चार गुंठे जमीन आणि भावाच्या घरची चूल हाच या संपाचा खरा निधी होता. एवढा काळ तग धरता आला तो त्यामुळेच. शेतीला मात्र इतक्या हातांची गरज नव्हती. जे मुंबईत राहिले त्यांचा भार दोघांवर पडला. एक म्हणजे गिरणगावातला किराणा दुकानदार. पगाराच्या तारखेवर चालणारी त्याची वही महिन्यामागून महिना नुसती नावे बाजूने भरत गेली. उधारी थांबवावी तर वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक आणि शेजार तुटतो, चालू ठेवावी तर घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकते. या दुकानदारांचा उल्लेख संपाच्या इतिहासात क्वचितच येतो.

दुसरा भार खानावळवाल्या बायांवर. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. संपाने त्यांचे जेवणारेच गेले आणि मागील बाकीही बुडाली. तरी पुष्कळ घरांत नवऱ्याचा पगार थांबल्यावर बाईच्या हाताचे काम, म्हणजे डबे, पापड, शिवण, धुणीभांडी, हेच घर चालविणारे ठरले. मुलगे शाळा अर्धवट सोडून वडापावच्या गाडीवर, मालवाहतुकीवर, पुढे पहारेकऱ्याच्या नोकरीत शिरले. जुळवून घेणे म्हणतात ते हेच. फक्त ते एका कामगाराने नव्हे, त्याच्या बायकोने आणि मुलाने पार पाडले.

संपानेच गिरण्या मारल्या, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. यंत्रे आधीच जुनी झाली होती, आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांना एकाच मापाने मोजण्याचे ठरविल्यावर गिरणीचे उरलेसुरले बळही गेले. शिवाय साच्यांपेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती विकण्यास वाट दिली, मात्र मोकळ्या झालेल्या जमिनीचा एकेक तृतीयांश महापालिकेला आणि म्हाडाला द्यावा अशी अट घालून. २००१ साली नियम बदलला आणि हा हिस्सा पुष्कळच आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल वैध ठरविला. जिची जमीन विकून अधिक मिळते ती गिरणी चालविण्यात भांडवल कोण घालणार? व्यापारी बुद्धीला हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु त्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीत कामगारांच्या तीन पिढ्यांनी वसविलेल्या वस्तीचाही वाटा होता, आणि तो ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपाला तीस वर्षे झाल्यावर. अर्जासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा लागे. पुष्कळ अर्जांवर सही कामगाराची नव्हती, वारसाची होती. आणि पुरावा म्हणून पत्र्याच्या पेटीतून जपून काढलेला गिरणीचा पास किंवा पगाराची जीर्ण पावती.