कर्ज दादाचं, कॉम्प्युटर माझा!

जप्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जुन्या मराठी सिनेमातला सावकार, अंगणात मांडलेली भांडीकुंडी आणि दाराआड डोळे पुसणारी आई. आपला त्याच्याशी काय संबंध, बॉस? आपण तर क्रेडिट कार्डाचं बिलही ड्यू डेटच्या आधी भरतो!

थांबा. जप्तीत अडकायला कर्ज तुमचंच असावं लागतं, असं थोडंच आहे? कर्जदाराच्या घरात तुमची वस्तू असली तरी पुरतं.

माझी एक मैत्रीण डोंबिवलीत भावाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. अ‍ॅनिमेशनचं काम घरूनच चालतं. दादाचा धंदा बसला. माल देणाऱ्या व्यापाऱ्याने दावा लावला, डिक्री मिळवली आणि वसुलीसाठी दरखास्त दाखल केली. एका सकाळी बेलीफ दारात हजर! अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना कायदा हात लावू देत नाही. मग उरलं काय? टीव्ही, फ्रिज आणि हिचा ऐंशी हजारांचा कॉम्प्युटर.

"अहो, तो माझा आहे!" ती सांगत राहिली.

"मॅडम, मी वॉरंटप्रमाणे काम करतोय. तुमचं म्हणणं कोर्टात मांडा," बेलीफ शांतपणे म्हणाला आणि पंचनामा लिहू लागला.

राग येतो ना? पण त्याचं बरोबर होतं. मालक कोण, हे बेलीफ ठरवत नाही, कोर्ट ठरवतं. त्यासाठीच दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, आदेश २१ चा नियम ५८ आहे. भांडणाशी संबंध नसलेला तिसरा माणूस 'ही वस्तू माझी, जप्ती उठवा' अशी हरकत घेऊ शकतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर त्यासाठी वेगळा दावाही लावावा लागत नाही. जिथे दरखास्त चालू आहे, तेच कोर्ट मालकीचा प्रश्न पुरावे घेऊन निकाली काढतं. तो निकाल डिक्रीइतकाच वजनदार, त्यावर अपीलही करता येतं.

मात्र एक मेख आहे. वस्तू आधीच विकली गेली असेल किंवा तुम्ही मुद्दाम, विनाकारण उशीर केला असेल, तर कोर्ट ही हरकत ऐकूनच घेत नाही. त्यामुळे 'बघू पुढच्या आठवड्यात' हा आपला लाडका फंडा इथे चालत नाही. वेळेत गेलात, तर जाहीर झालेला लिलाव पुढे ढकलण्याचा अधिकार कोर्टाला असतो.

मैत्रीण आठवड्याच्या आत वकिलाकडे गेली. प्रॉब्लेम वेगळाच निघाला. कॉम्प्युटरचं बिल दादाच्या नावावर! त्याच्या कार्डावर ईएमआय स्वस्त पडत होता ना! पण ती दर महिन्याला हप्त्याची रक्कम त्याच्या खात्यात पाठवायची, तेही 'पीसी ईएमआय' असं लिहून. जप्तीच्या कितीतरी आधीपासूनचं हे बँक स्टेटमेंट कोर्टापुढे गेलं आणि कॉम्प्युटर सुटला. फ्रिजचे अर्धे पैसेही तिचेच होते, पण कॅश दिलेली, दादाच्या हातात. त्याचा पुरावा काय? फ्रिज लिलावात गेला.

मला यात व्हिलन सापडला नाही. तो व्यापारीही काही सिनेमातला सावकार नव्हता. स्वतःच्या मालाच्या पैशांसाठी तो सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. त्याच्या वकिलाचा प्रश्नही रास्त होता. जप्ती आली की घरातली प्रत्येक वस्तू अचानक बायकोची, बहिणीची नाहीतर मेव्हण्याची कशी होते? खोट्या हरकती घेणारे इतके असतात, की खरं बोलणाऱ्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. तिथे अश्रू नाही, तारीख असलेला कागद उपयोगी पडतो.

आणि आपल्याकडे नेमकं तेच नसतं. भावाच्या कार्डावर लॅपटॉप, रूममेटच्या नावावर वॉशिंग मशीन, बाबांच्या नावावर बाइक. 'घरातल्या घरात कसला हिशोब?' असं म्हणत आपण कॅश देऊन मोकळे. मग काय करायचं? बिल शक्यतो स्वतःच्या नावावर घ्या. ते जमलं नाही, तर पैसे खात्यातून पाठवा आणि कशासाठी ते दोन शब्दांत लिहा. बस्स, मिनिटाचं काम.

कुणाला वाटेल, हा अविश्वास झाला. मला उलटं वाटतं. माझी मैत्रीण आणि तिचा दादा आजही एकाच घरात राहतात. वस्तू कुणाची, हे बँकेच्या कागदाने सांगितलं म्हणून त्या दोघांना कोर्टात एकमेकांविरुद्ध बोलावं लागलं नाही.

फ्रिज मात्र नवा घेतलाय. बिल कुणाच्या नावावर, हे विचारायची गरज आहे?