वेगळ्या पळीचा प्रश्न

पंगतीत कुणी वाढलेले ताट बाजूला सारले, की आपल्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो हाच : आमच्या हातचे चालत नाही काय? हा प्रश्न आपणास कुणी शिकवावा लागला नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावास तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारोंना चालत जावे लागले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा तेथे गिऱ्हाईक फिरकेना. राजर्षी शाहू महाराज स्वतः थांबून तेथला चहा घेऊ लागले, तेव्हा कोठे लोकांची पावले तिकडे वळली. या इतिहासातून आलेल्या समाजाला अन्न आणि मान या दोन गोष्टी एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, आणि त्या सोडवाव्यात असे आमचे म्हणणेही नाही. मात्र या दोहोंची गाठ कधीकधी चुकीच्या जागी बसते. तशी ती आपल्याच वसतिगृहात बसली होती, आणि त्याला आम्ही जबाबदार होतो, म्हणून स्मरणिकेच्या या अंकात अभिनंदनपर लेखाऐवजी हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगी दाखल झाली. प्रवेशाच्या दिवशी तिच्या आईने आमच्या हाती एक शंभर पानी वही दिली. तीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते : शेंगदाणा, तीळ, काजू, दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ. प्रत्येकापुढे ते पोटात गेल्यास काय होते, किती वेळात होते, मागे कधी झाले होते, हेही नोंदवले होते. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा दस्तऐवजाचे मोल ओळखायला हवे होते. आम्ही वही चाळली, माउलीस धीर दिला आणि वही कपाटात ठेवली. मनात म्हटले, एकुलते एक लेकरू, लाडाने नाजूक झाले असेल. चार दिवस मेसचे जेवले की सर्व ठीक होईल.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा आणि तीळ टाळून जगणे म्हणजे काय, हे तोवर आम्ही कधी मोजून पाहिले नव्हते. भेंडीत कूट, वांग्यात कूट, कारल्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. उपवास आपण सोडले, पण साबुदाण्याची खिचडी काही सोडली नाही. तीत तर कूटच कूट. काळ्या मसाल्यात तीळ भाजून घातलेले, म्हणजे साधी आमटीही संशयित. घाण्यावरचे शेंगतेल आपण शुद्ध म्हणून कौतुकाने वापरतो, पण त्या तेलात शेंगदाण्यातील प्रथिनांचा अंश उरतो, आणि ॲलर्जी असलेल्याच्या शरीराला नेमका तोच शत्रू वाटतो. येथे पचनाचा दोष नसतो, आवडीनिवडीचा तर नाहीच. शरीराची संरक्षणव्यवस्था एका निरुपद्रवी पदार्थाला आक्रमक समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्या लढाईत हानी होते ती शरीराचीच. अशा वेळी ‘थोडेसे खाऊन बघ’ हा आपला प्रेमळ आग्रह धोक्याचा ठरतो.

मुलगी मात्र शहाणी होती. वरण, भात आणि भाकरीवर तिने तीन महिने काढले. वरणाला फोडणी कोणत्या तेलाची, हे ती रोज विचारी. मुले हसत. हसणे सोसता आले असते. पण एके दिवशी जेवणघरात आमच्या कानावर शब्द आले : “तिला शिवू नका रे, तिला काहीतरी होतं.” शब्द सातवीतल्या मुलाचा होता. त्याने तो कोणत्याही ग्रंथात वाचला नव्हता, आणि आपल्या शाळेच्या चार भिंतींत तो त्याला कुणी शिकवला असेल असेही नाही. अन्नाची ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही, एवढी साधी माहिती आम्ही मुलांना दिली नव्हती. त्या रिकाम्या जागेत तो जुना शब्द आपसूक येऊन बसला. मुलगी पंगतीच्या टोकाला, दोन हात अंतर ठेवून बसू लागली होती. तेही आम्ही पाहिले आणि तिला तसेच आवडत असावे असे समजून गेलो.

त्याच हिवाळ्यात अजिंठ्याची सहल निघाली. लेणी पाहून परतताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात मुलांना जेवायला बसवले. मुलीने वाढप्याला एकदा सोडून तीनदा विचारले, रश्श्यात दाणे आहेत का, तीळ आहेत का, साय घातली आहे का. “काही नाही त्यात, बिनधास्त खा,” असे तो म्हणाला. तिने दोन घास घेतले असतील. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि आवाज घोगरा झाला. आमच्यापैकी एकाने लिंबूपाणी मागवले, दुसऱ्याने पिशवीतून खाजेवरची गोळी शोधून काढली. गाडीचा चालक तेवढा शुद्धीवर होता. त्याने सरळ गाडी काढून ग्रामीण रुग्णालय गाठले. तेथील तरुण डॉक्टरांनी फारशी विचारपूस न करता मांडीच्या बाहेरील बाजूस ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले. थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. गोळीने खाज कमी होते, श्वास वाचत नाही, असे त्यांनी आम्हास नीट समजावले. आणि काही तासांनी हाच प्रकार पुन्हा उलटू शकतो म्हणून मुलीस रात्रभर ठेवून घेतले. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून आम्ही प्रथमच विचार केला, की आईची वही आपण सोबत घेतली नव्हती. ती अजून कपाटातच होती.

त्या वाढप्याचा आम्हास राग आला नाही. त्याला फसवायचे नव्हते. गिऱ्हाइकाचे मन राखायचे होते. रश्शाच्या वाटणात काय गेले हे त्याला माहीत नव्हते, आणि ‘माहीत नाही’ म्हणणे आपल्याकडे उणेपणाचे समजले जाते. आपण रोज वंदनेत असत्य न बोलण्याचे शील घेतो. ‘काही नाही त्यात’ हे वाक्य त्या शीलाच्या कक्षेत येते, हे आम्हास तेथे उमगले.

शाळेत परतल्यावर आम्ही ठरवले, की या मुलीचे अन्न वेगळ्या पातेल्यात शिजवावे आणि वेगळ्या पळीने वाढावे. ओळखीसाठी पळीला दोरा बांधावा. स्वयंपाकघरातील मावशींना तसे सांगितले. मावशी पंचवीस वर्षे येथे राबत आल्या आहेत. आमचा शब्द त्यांनी क्वचितच मोडला असेल. त्या दिवशी मोडला. “गुरुजी, ह्या घरात वेगळं भांडं यायचं नाही. माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतायचे. मी ह्या लेकराला वेगळ्या पळीनं वाढू?”

आम्ही युक्तिवाद केला. म्हटले, मावशी, तेव्हा भांडे वेगळे असे ते माणसाला दूर ठेवण्यासाठी. येथे ते वेगळे ठेवायचे ते माणसाला पंगतीत निर्धास्त बसता यावे म्हणून. तेव्हा वेगळेपण कुणी ठरवावे हा अधिकार वाढणाऱ्याचा होता, आज तो जेवणाऱ्या मुलीचा आहे. हा युक्तिवाद बरोबर आहे असे आम्ही आजही मानतो. पण मावशींनी दिलेले उत्तरही बरोबर होते : “तुम्हाला कळतं, मला कळतं. त्या पोरांना काय दिसंल? दोरा दिसंल.” ‘शिवू नका’ हा शब्द त्यांनीही ऐकला होता.

दोन दिवसांनी मावशींनीच मार्ग काढला. कूट पातेल्यातून हद्दपार झाले. भाजी, आमटी, कोशिंबीर सर्वांसाठी एकच, आणि कुटाशिवाय. ज्याला कूट हवे त्याने रांगेच्या अगदी शेवटी ठेवलेल्या वाडग्यातून घ्यावे. तिळाच्या चटणीलाही तीच जागा. मसाला घरी बिनतिळाचा कांडला, तेल सूर्यफुलाचे आणले. आणि आम्ही आणलेला दोरा मावशींनी मुलीच्या पळीला न बांधता कुटाच्या चमच्याला बांधला. जोखमीची वस्तू ओळखू यावी, लेकरू नव्हे, एवढा त्याचा अर्थ. इतिहास विषयाची पदवी आमच्याकडे होती. त्याचा उपयोग कसा करायचा हे मावशींना ठाऊक होते.

खिरीचा प्रश्न अधिक अवघड निघाला. वैशाख पौर्णिमेला खीरदान होते आणि त्यामागे सुजातेच्या पायसाची स्मृती आहे. आम्ही गव्हाची खीर गूळ आणि ओले खोबरे घालून करावी व दूध तांब्यात वेगळे ठेवावे असे सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली : सुजातेने दूधच दिले होते. त्यांचा भाव आम्हास समजतो. पण विनयातील एक नियम येथे सांगण्यासारखा आहे. तूप, लोणी, मध, दूध, दही, मासे असे उंची अन्न भिक्खूने स्वतःसाठी मागून खाऊ नये असा पातिमोक्खात निर्बंध आहे. मात्र तो निरोगी भिक्खूला आहे, आजारी भिक्खूला नाही. संघासारख्या समतेच्या संस्थेतही देहाची गरज वेगळी असेल तर नियम बाजूला सरतो, आणि त्याने समता उणावत नाही. चुन्दाचे उदाहरणही आठवावे. त्याच्या घरचे भोजन भगवंतांना अखेरचे ठरले. तरी चुन्दाला कुणी दोष देऊ नये, त्याच्या मनात पश्चात्ताप उरू नये, याची तजवीज भगवंतांनी आनंदास सांगून केली. अन्न देणाऱ्याचे मन जपण्याची ही रीत आपण घ्यावी. ते मन जपण्यासाठी लेकराने विषासमान घास गिळावा, असे मात्र त्यातून निघत नाही. गेली काही वर्षे खीर गुळाची होते. सर्वांना ती पसंत आहे असा आमचा दावा नाही.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे माजी विद्यार्थी हमखास म्हणतात. या तक्रारी पूर्वीपेक्षा वाढल्या असतीलही. पण नोंद नाही म्हणून घटना नाही, हा निष्कर्ष निदान आपण तरी काढू नये. आपला स्वतःचाच इतिहास किती शतके नोंदीवाचून राहिला. जेवता जेवता निळे पडलेले लेकरू गावाने करणी म्हणून, बाधा म्हणून देवऋषाकडे नेले नसेल, असे कुणी छातीठोक सांगू शकेल काय? दुसरीकडे, रक्ताच्या एका चाचणीत लांबलचक यादी आली म्हणून मुलाचे निम्मे अन्न बंद करणारे पालकही आम्ही पाहतो. चाचणीत अंश दिसणे आणि प्रत्यक्ष ॲलर्जी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निदान तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच व्हावे. वाढत्या मुलांच्या तोंडचे दूध, अंडे संशयावरून काढणे बरे नव्हे.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज खानावळी, उपाहारगृहे आणि भोजनाचे कंत्राट चालवतात. त्यांच्याशी थोडे बोलायचे आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादींची सूचना छापणे बंधनकारक आहे. हॉटेलांच्या बाबतीत हे बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्या व्यवसायांपुरतेच आहे. म्हणजे आपले धाबे, आपल्या खानावळी, जयंतीचे भोजनदान, लग्नाच्या पंगती, सर्व त्याच्या बाहेर. शिवाय त्या यादीत तिळाचे नावच नाही. अमेरिकेत २०२३ पासून तीळही सक्तीच्या यादीत आला. पावात भाजलेल्या तिळाने २०१६ साली इंग्लंडमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीचा, नताशाचा, बळी गेला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०२१ मध्ये तेथील कायदा बदलला. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पातेल्याशेजारी एक पाटी ठेवता येते : यात दाणे आहेत, यात दूध आहे. वाढणाऱ्या पोरांना सांगता येते की माहीत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून येतो’ म्हणा.

आणि यजमानांना एक विनंती. मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याच्या नव्या घराच्या कार्यक्रमास वसतिगृहाची मुले गेली होती. या मुलीने लाडू घेतला नाही. गृहिणीचा चेहरा उतरला आणि तोच प्रश्न आला : “आमच्या घरचं चालत नाही का गं?” मुलगी म्हणाली, “काकू, घरचं चालतं, शेंगदाणे चालत नाहीत. पाणी द्या ना.” काकूंनी तांब्या भरून आणला; तिने त्यातून पाणी घेतले आणि ती सर्वांबरोबर सतरंजीवर बसून राहिली.

ही मुलगी यंदा दहावीची परीक्षा देत आहे. पुढच्या वर्षी ती शहरातील वसतिगृहात जाईल, तेथे मावशी नसतील. आईची वही आता तिच्याच दप्तरात असते. तिची एक प्रत कार्यालयात, एक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. मुलांना प्रवेश घेऊन देताना पालकांनी अशी वही आणावी, आम्ही ती आता कपाटात ठेवीत नाही. स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी जेवण मावशींच्याच हातचे आहे. भाजीत कूट नसेल. ज्यांना त्यावाचून घास उतरत नाही, त्यांनी रांगेच्या टोकाला जावे. वाडगा तेथे आहे, चमच्याला दोरा आहे.