एक प्रभू, दोन बाप्तिस्मे

ख्रिस्ती समाज म्हणजे एका आज्ञेने चालणारी एकजिनसी संघटना, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे बॅप्टिस्ट पंथाच्या इतिहासावरून ध्यानात येते. १६०९ साली ॲमस्टरडॅममध्ये आश्रयास राहिलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने तान्हेपणी झालेला आपला बाप्तिस्मा अग्राह्य ठरविला आणि स्वहस्तेच स्वतःला तो पुन्हा दिला. आधी श्रद्धा, मग पाणी, हा त्यामागील सिद्धान्त. ज्या अर्भकाला बोलताही येत नाही, त्याच्या वतीने श्रद्धेची ग्वाही कोणी द्यावी? पुढे सर्वांग पाण्यात बुडविण्याचा आग्रहही आला. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना ‘संस्कार’ म्हणणेही बहुतेक बॅप्टिस्टांना रुचत नाही; विधीने कृपा प्राप्त होत नाही, ख्रिस्ताची आज्ञा म्हणून तो पाळावयाचा, एवढेच.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलमध्ये मूळ ग्रीक शब्द न ठेवता ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतरास साहाय्य नाकारले. अखेर १८४० साली बॅप्टिस्टांनी आपली निराळी भाषांतर संस्था काढली. एका क्रियापदापायी दोन संस्था! (मराठीत रूढ झालेला ‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीकच शब्द; त्यामुळे कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही.)

या पार्श्वभूमीवर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात घडलेली घटना लक्षणीय ठरते. सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात शिशूंना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि तो अमान्य करणारे उत्तर भारतातील बॅप्टिस्टही. दोन्ही पद्धती वैध मानण्यात आल्या. व्यवहार म्हणून हा तोडगा चतुर खरा. परंतु तत्त्वाची गाठ त्याने सुटली नाही. शिशुपणी बाप्तिस्मा झालेल्या प्रौढाने पुन्हा तो मागितला तर? अँग्लिकनांच्या मते तो आयुष्यात एकदाच होतो. कट्टर बॅप्टिस्टाच्या मते पहिला झालाच नव्हता. दोघांनाही एकाच वेळी खरे ठरविणे कोणत्याही घटनेला शक्य नाही.

१९८२ साली जागतिक चर्च परिषदेच्या लिमा येथील दस्तऐवजाने ‘पुनर्बाप्तिस्मा’ टाळावा, असे सुचविले. वरवर पाहता सूचना सौम्य वाटते; वस्तुतः ती बॅप्टिस्टांना आपला मूळ सिद्धान्तच सोडावयास सांगते. ईशान्येतील बहुसंख्य बॅप्टिस्ट नागपूरच्या ऐक्याबाहेर राहिले, त्यांना केवळ हेकट म्हणून मोकळे होता येणार नाही.