पोरांना ‘घडवण्या’आधी आपण वाचायला शिकू या



समाजकार्यात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी वस्तीतल्या मुलांसाठी ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं’ घेतली. आपल्या मुलांत आत्मविश्वास कमी आहे, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. कशावरून? संस्थेत कुणी विचारलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. करून आलेल्या मीही विचारलं नाही. अहवालात शिबिरांचा आकडा आणि फोटो गेले, निधी आला, विषय संपला.

पुढे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचं २००६ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचलं. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीत होती. सगळ्यांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलं मागे पडली. कोडी तीच होती. फरक पुकारण्याचा होता.

मग दुरुस्ती कुणाची करायची? मुलाची, की “एससीची मुलं उभी राहा” म्हणत भर वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचणाऱ्या शाळेची?

नोकरीचंही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. हे २००७ साली छापून आलं. आणि आम्ही अजून पोरांना मुलाखतीत कसं बसायचं ते शिकवतोय!

पुरावा न वाचणारा कार्यकर्ता नकळत पीडितालाच दोषी ठरवतो. माझा आक्षेप एवढाच आहे.

काही साथी म्हणतात, “आम्ही जातीचे चटके भोगलेत, आम्हाला संशोधन कशाला?” अनुभव मोलाचाच आहे. पण बाबासाहेबांपेक्षा जास्त चटके कुणी भोगले? तरी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचताना पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी आधी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. प्रत्येकीत काय खरं, काय अपुरं ते दाखवलं आणि मगच स्वतःचं म्हणणं मांडलं. आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणतात तो हाच.

म्हणून समाजकार्याच्या प्रशिक्षणात हे कौशल्य हवं. संशोधन पद्धतीचा पेपर पाठ करून पास होणं म्हणजे ते नव्हे. संशोधन हातात घेऊन विचारता आलं पाहिजे: तुलना कुणाशी केली? किती जणांवर? कोण सुटलं? दुसऱ्या अभ्यासांत काय दिसलं? उत्तर प्रदेशातलं निरीक्षण आपल्या तालुक्यात लागू पडतं का? आणि आपल्या लाडक्या उपक्रमाविरुद्ध पुरावा आला, तर तो बंद करण्याची हिंमत आहे का?

इंग्रजीत छापलं म्हणून खरं, असंही नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथात आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. संशोधनालाही तोच नियम.

महाविद्यालयं शिकवतील तेव्हा शिकवतील. तोवर विहारात महिन्यातून एक रविवार ठेवा. एक संशोधन घ्या, इंग्रजी येणाऱ्याने ते मराठीत समजावून सांगावं, बाकीच्यांनी उलटतपासणी करावी. शेवटी एकच प्रश्न: उद्यापासून आपल्या कामात काय बदलायचं?

माझ्यापुरतं उत्तर ठरलंय. पुढचं शिबिर मुलांचं नाही, शिक्षकांचं.

जय भीम! जय संविधान!