पिकअपला पाटा वाढवताय? जरा थांबा

वालीव-सातिवलीतून माल उचलणारे बरेच जण पिकअप घेतली की आधी मागे एक पाटा वाढवतात. मला हे पटत नाही. गाडी मागून उचलली जाते. तीस गोण्या चढवणाऱ्या हमालाला विचारा, दोन इंच म्हणजे काय ते! रिकामी परतताना आपटते ते वेगळंच. त्यापेक्षा बसलेले पाटे, झिजलेले बुश, शॉक ॲब्सॉर्बर बदला. लोड आल्यावरच टेकतील असे रबर बसवा. उंची कंपनीचीच राहते, माल कमी फुटतो. आणि काहीही बसवा, आरसीवरचं वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तेवढ्यात चारही शॉक नवे येतात की!