पेटीवरचा शिक्का

एरवी आमच्या सोसायटीत निवृत्त प्राध्यापकाला कुणी हिंग लावून विचारत नाही. टँकर आले किती, याचा हिशेब ठेवायला बरा माणूस, एवढीच माझी पत. एप्रिल-मेमध्ये मात्र माझा भाव वधारतो. परदेशी विद्यापीठांची ऑफर लेटर्स येतात आणि आईबाप माझी बेल वाजवतात. यंदा तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले. मुलीला एमएससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालेला. "सर, हे जगात एकशे चौदावं, हे दोनशे नव्वदावं. दुसरीकडे फी निम्मी आहे, पण लोक काय म्हणतील?"

मी विचारलं, "दोन्हीकडे तिला शिकवणार कोण?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते कन्सल्टंटला विचारावं लागेल."

हा गृहस्थ भाजी घेताना वांगं दाबून बघतो. राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढताना मात्र एक आकडा बघतो आणि सही करतो. त्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो त्या आकड्याला दर्जा म्हणणाऱ्या सगळ्यांचा, आणि त्यांत मीही येतो.

कारण तो आकडा कसा शिजतो ते मी आतून पाहिलं आहे. ज्या महाविद्यालयात मी नोकरी केली तिथे रँकिंगची फाईल काही वर्षं माझ्याकडे होती. तासिका तत्त्वावर (सीएचबी) काम करणारी पोरं, ज्यांचं मानधन सहा-सहा महिने निघत नसे, ती फॉर्म भरायच्या आठवड्यात अचानक 'आपले प्राध्यापक' व्हायची. आठवडा उलटला की पुन्हा सीएचबीवाले. वर्ग, ग्रंथालय, चर्चासत्रं, सगळ्यांचे रकाने होते. शिकवलेलं पोरांना कळतं का, हा रकाना कुठेच नव्हता.

मोठ्या जागतिक याद्यांत तरी तो असेल अशी माझी समजूत होती. लंडनच्या क्यूएस या खासगी कंपनीची यादी आपल्याकडे सर्वांत जास्त मिरवली जाते. 2023 च्या जूनपर्यंत तिच्या शंभर गुणांपैकी 40 गुण विद्वानांमधल्या लौकिकाला, 10 नोकरी देणाऱ्यांच्या मताला आणि 20 शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला होते. मग पद्धत बदलली. लौकिकाचे 30 झाले, नोकरी देणाऱ्यांचे 15, आणि शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचे 20 वरून 10. म्हणजे शिकवण्याशी दूरचं का होईना पण नातं सांगणारा जो निकष होता, त्याचे गुण निम्मे झाले. 45 गुण राहिले ते 'तुम्हाला काय वाटतं' या प्रश्नाच्या उत्तराला.

आणि ते वाटणं कसलं असतं, हेही सांगतो. एका वर्षी अशी प्रश्नावली माझ्याही ई-मेलवर येऊन पडली. आपल्या विषयातली उत्तम विद्यापीठं निवडा: देशातली दहा, बाहेरची तीस. बाहेरच्या तिसांपैकी एकाचंही फाटक मी पाहिलेलं नव्हतं. मी काय केलं? जी नावं सगळे घेतात ती घेतली. हार्वर्ड लिहिलं, केंब्रिज लिहिलं, स्टॅनफर्ड लिहिलं, चहा प्यायलो. पुढच्या वर्षी यादी आली तेव्हा ही नावं वरच होती आणि मला वाटलं, बघा, आपला अंदाज किती अचूक! नाव मोठं म्हणून मत, आणि मत मिळालं म्हणून नाव मोठं. या वर्तुळाला 'मेथडॉलॉजी' म्हणतात.

जिथे मतं नाहीत आणि निखळ आकडे आहेत, तिथे तरी सत्य असेल? मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट ऐका. अमेरिकेत 'यू. एस. न्यूज' या साप्ताहिकाने 1983 पासून विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या सुरू केल्या. त्यांत 1988 ला अठरावं असलेलं कोलंबिया चढत चढत 2021 ला दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाचे आकडे तपासून निष्कर्ष जाहीर केले. विसांपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग 82.5 टक्के, असा विद्यापीठाचा दावा होता. थॅडियस यांच्या हिशेबाने ते 63 ते 67 टक्क्यांच्या दरम्यान होते. पुढे विद्यापीठाने स्वतः सुधारून दिलेला आकडा तर 57 टक्के निघाला. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबिया दुसऱ्यावरून थेट अठराव्या क्रमांकावर आलं.

आता सांगा, त्या एका वर्षात कोलंबियात बदललं काय? इमारती त्याच, ग्रंथालयं तीच, मास्तर तेच. ज्या पोराने 2021 ला दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यापीठात पाऊल टाकलं, तो 2022 ला त्याच बाकावर बसून अठराव्या क्रमांकाच्या विद्यापीठात शिकत होता. त्याच्या डोक्यात काही कमी झालं का?

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने याच्याही पुढची मजल मारली. तिथल्या बिझनेस स्कूलचा ऑनलाइन एमबीए सलग काही वर्षं पहिला येत होता. खोटी माहिती पुरवून तो पहिला आणला जात होता. माजी डीन मोशे पोराट यांना 2022 मध्ये 14 महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. क्रमांकासाठी डीन तुरुंगात जातो आणि आपण त्या क्रमांकासाठी घर गहाण टाकतो.

आता यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "पण सर, तिथून बाहेर पडणारी मुलं हुशारच असतात ना!" असतात की. आत जातानाच हुशार होती. देवगडच्या पेटीत निवडून निवडून पहिल्या प्रतीचे आंबे भरले, तर उघडल्यावर पहिल्या प्रतीचेच निघणार. त्यात पेटीचं कर्तृत्व काय? आंबा पिकतो अढीत, गवतात, कुणीतरी रोज हात घालून चाचपल्यावर. पेटीचं काम त्याला भाव मिळवून देण्याचं. आणि देवगडचा शिक्का मारलेल्या पेटीत कर्नाटकचा माल कसा येतो, हे मार्केट यार्डात जाणाऱ्याला मी सांगायला नको.

हे पेटीचं प्रकरण मोजून पाहणारेही निघाले. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी 2002 मध्ये एक गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. अतिनिवडक महाविद्यालयात प्रवेश मिळूनही साध्या ठिकाणी शिकलेल्या मुलांची त्यांनी निवडक ठिकाणी शिकलेल्यांशी तुलना केली. पुढे दोघांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मूल तेच होतं, पेटी वेगळी होती.

पण याच दोघांच्या अभ्यासांत एक अपवाद होता, आणि तो लपवला तर मीही त्या डीनच्या पंगतीत बसेन. गरीब घरच्या आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांना मोठ्या नावाच्या ठिकाणी शिकण्याचा खरोखर फायदा झाला होता. उघड आहे. ज्याच्या काकाची कंपनी आहे त्याला शिक्का लागत नाही. ज्याला कुठल्याच दारात ओळख नाही, त्याला तो शिक्काच ओळखपत्र म्हणून कामी येतो. म्हणून वस्तीतली एखादी पोर जिद्दीने मोठ्या नावाच्या विद्यापीठात गेली तर मी तिला सलाम करतो. माझं भांडण आहे ते ओळखपत्राला विद्या समजणाऱ्या सुस्थित घरांशी, आणि सरकारशी.

हो, सरकारशीही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला आपल्या राज्याने क्यूएसच्या क्रमवारीची अट घातली. लंडनच्या खासगी कंपनीची यादी, आणि तिच्यावर मुंबईच्या मंत्रालयात एका मुलाचं भवितव्य. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा असली कुठलीच जागतिक यादी जन्माला आली नव्हती. सयाजीरावांनी माणूस पाहिला. आंबेडकरांना तिथे शिक्षक मिळाले ते जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन. पुढे 1925 मध्ये आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यामागे उभं राहणं म्हणजे दर्जा. त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरता?

दिल्लीचंही तेच. जुलै 2018 मध्ये केंद्राने 'उत्कृष्ट संस्था' म्हणून सहा नावं जाहीर केली. त्यांत मुंबई आयआयटी होती आणि जिओ इन्स्टिट्यूटही होतं, जे तेव्हा उभंच राहिलं नव्हतं. नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थांसाठी वेगळा गट आहे, असा खुलासा झाला. नियमात बसत असेल. पण विद्यार्थ्यांच्या आधी, शिक्षकांच्या आधी, विटांच्याही आधी उत्कृष्टता येऊ शकते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

आणि पुण्याचं काय? केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 ला 23 वं होतं, 2025 ला 56 वं. गावभर बोंब झाली, अग्रलेख आले. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे शिक्षक संघटना वर्षानुवर्षं सांगत होत्या, तेव्हा या अग्रलेखांची शाई कुठे वाळली होती? शिक्षक गेल्याचं दुःख नाही, क्रमांक गेल्याचं आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मी केंब्रिजपुढे मान तुकवतो. आठवड्याला एक-दोन विद्यार्थी समोर बसवून त्यांच्या वहीवर तासभर बोलायची पद्धत तिथे अजून चालते. हीच ती अढी. आणि याच केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला कोण, दुसरा कोण, हे जाहीर करायची जुनी प्रथा होती. पहिल्या येणाऱ्याला 'सीनिअर रँग्लर' म्हणत. तो क्रमांक मिळवण्याच्या शर्यतीत पोरं गणित सोडून परीक्षा शिकतात, हे तिथल्या गणितज्ञांच्या लक्षात आलं. 1909 ची यादी शेवटची ठरली. त्यानंतर केंब्रिजने क्रम जाहीर करणं बंद केलं.

र. पु. परांजपे 1899 मध्ये सीनिअर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. मग ते पुण्यात परतले आणि फर्ग्युसनमध्ये मास्तरकी केली. शंभर वर्षं उलटली तरी आपण त्यांना रँग्लर परांजपेच म्हणतो. त्यांचा क्रमांक महाराष्ट्राला पाठ आहे. ते वर्गात गणित कसं शिकवायचे, हे एकदा कुणाला तरी विचारून बघा.