‘हो’ म्हणणारांची नावे

लोकप्रतिनिधीची पारख त्याच्या भाषणावरून करावी की त्याने दिलेल्या मतावरून, असा प्रश्न कोणी विचारला तर शहाणा मनुष्य ‘मतावरून’ असेच उत्तर देईल. भाषण श्रोत्यांसाठी असते, मत कायद्यासाठी असते. भाषणाने टाळ्या मिळतात. मताने कोणाच्या तरी घरी चार पैसे जातात किंवा जायचे राहतात. परंतु आपल्या देशात ही पारख करावयास बसलेल्या माणसापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. ज्याच्यावरून पारख करावयाची ते मत कोठे लिहिलेलेच नसते. गोरगरिबांच्या पोटाशी ज्यांचा संबंध आहे असे बहुतेक सारे प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत होतात. ‘हो’ म्हणणारांचा आवाज मोठा, म्हणून प्रस्ताव संमत, असे अध्यक्षांनी जाहीर केले की काम संपले. कोण ‘हो’ म्हणाला, कोण ‘नाही’ म्हणाला, कोण बाहेर चहा पीत बसला होता, याचा पत्ता मतदारास कधीही लागत नाही.

ही तक्रार आम्ही केवळ सभाशास्त्राच्या प्रेमापोटी करीत नाही. तिच्यामागे दोनशे रुपयांचा प्रश्न आहे, आणि तो आमच्या वाचकांपुढे नीट मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे.

राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजार, अपंगत्व व बेकारी या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर टाकलेले आहे. ते पार पाडण्यासाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी निराधार वृद्धाला केंद्राकडून दरमहा ७५ रुपये मिळत. २००७ साली वृद्धांच्या या निवृत्तिवेतनास इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले, तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता. पुढे २०११ साली वयाची अट ६५ वरून ६० वर आणली गेली आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धांना ५०० रुपये ठरले. २०१२ साली विधवा व अपंग यांचा वाटा ३०० रुपये झाला. परंतु साठ ते एकोणऐंशी या वयाच्या दरिद्री म्हाताऱ्याचे दोनशे रुपये दोनशेच राहिले. २०२५ साल सरले तरी त्यांत एका रुपयाची भर पडलेली नव्हती. मधल्या काळात भाव सुमारे तिप्पट झाले. म्हणजे कागदावर दोनशे असलेली रक्कम बाजारात सत्तरीच्याही आत आली. कोणीही कपातीचे विधेयक मांडले नाही, कोणीही कपातीच्या बाजूने मत दिले नाही, आणि तरीही दोनतृतीयांश कपात झाली.

आता दुसरा हिशेब पाहावा. संसदेच्या माजी सभासदांना निवृत्तिवेतन देण्याची तरतूद १९७६ साली झाली. २००७ साली ते दरमहा किमान ८,००० रुपये होते. २०१० साली २०,००० झाले. २०१८ साली २५,००० झाले. आणि मार्च २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने, १ एप्रिल २०२३ पासून, ३१,००० झाले. पाच वर्षांहून अधिक काळ सभासद राहिलेल्यास प्रत्येक जादा वर्षामागे दरमहा २,५०० रुपये अधिक मिळतात. २००७ साली माजी खासदाराचे निवृत्तिवेतन निराधार वृद्धाच्या चाळीस पट होते. आता ते एकशेपंचावन्न पट आहे.

सभासदांना निवृत्तिवेतन असू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या घरी शेतीवाडी वा कारखाना नाही त्यालाही लोकसेवा करता यावी यासाठी मानधन व निवृत्तिवेतन आवश्यकच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. २०१८ सालच्या वित्त कायद्याने सभासदांच्या वेतनाची व निवृत्तिवेतनाची सांगड किंमतवाढीच्या निर्देशांकाशी घालून दिली. दर पाच वर्षांनी, प्राप्तिकराच्या हिशेबासाठी सरकार जो निर्देशांक जाहीर करते त्याच्या प्रमाणात, ही रक्कम आपोआप वाढावी, अशी ती व्यवस्था आहे. आपला पगार आपणच ठरवितात, हा सभासदांवरील ठपका दूर व्हावा, असे कारण त्या वेळी देण्यात आले होते. कारण उत्तम आहे, तत्त्वही उत्तम आहे. महागाई वाढली की ठरलेली रक्कम वाढली पाहिजे, नाही तर ती रक्कम ठरविण्यात अर्थच उरत नाही. मग हे तत्त्व ज्यांनी स्वतःस लागू करून घेतले, त्यांना ते त्याच कायद्यात आणखी एक कलम घालून निराधार वृद्धांसही लागू करता आले नसते काय?

सभासदांचेच माप घेऊन गणित करून पाहू. त्यांचा तो निर्देशांक २००७-०८ साली १२९ होता व २०२३-२४ साली ३४८ होता. या प्रमाणात २०० रुपयांचे ५४० रुपये होतात. ही काही उधळपट्टीची मागणी नव्हे. ज्या वजनाने खासदाराचे माप भरले त्याच वजनाने म्हाताऱ्याचे भरले असते, तर एवढी रक्कम त्याच्या पदरात पडली असती. एका तराजूची दोन वजने ठेवणाऱ्या वाण्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सर्वांस ठाऊक आहे.

आणि हे २०१८ सालचे विधेयक संमत झाले कसे? त्या वर्षी १४ मार्च रोजी लोकसभेत गोंधळ चालू असताना, चर्चेवाचून, गिलोटिनच्या एकाच फटक्याने साऱ्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या मंजूर झाल्या आणि त्याच दिवशी वित्त विधेयकही आवाजी मताने मंजूर झाले. त्या मागण्यांत ग्रामविकास खात्याची मागणी होती, आणि त्या मागणीच्या पोटात ते दोनशे रुपये होते. म्हणजे एकाच दिवशी सभासदांचे निवृत्तिवेतन महागाईशी जोडले गेले व वृद्धांचे होते तेथेच ठेवले गेले. आणि या दोन्ही गोष्टींस कोणी संमती दिली याची नावानिशी यादी कोठेही नाही.

याहूनही बोधप्रद प्रकार संसदेच्या समित्यांत आढळतो. ग्रामविकास खात्याची स्थायी समिती ही सर्व पक्षांच्या सभासदांची असते. साहाय्याची ही रक्कम अपुरी आहे, ती वाढवावी, अशी शिफारस या समितीने एकदा नव्हे, वारंवार केलेली आहे. समितीच्या खोलीत, वृत्तपत्रांच्या गैरहजेरीत, सत्ताधारी व विरोधी सभासदांचे एकमत होते. तेच सभासद सभागृहात आले की जुन्याच आकड्याच्या मागणीस ‘हो’ म्हणतात, किंवा गप्प बसतात, किंवा मागणी टाकीला येण्यापूर्वीच गोंधळ घालून बाहेर पडतात. कोणा एका पक्षाचे हे पाप आहे, असे म्हणण्याची सोय नाही. हे दोनशे रुपये २००७ पासून २०१४ पर्यंत एका आघाडीने दोनशे ठेवले व त्यानंतर दुसऱ्या आघाडीने दोनशे ठेवले. पक्ष बदलले, भाषणे बदलली, आकडा मात्र बदलला नाही.

यावर काही उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर असे की, केंद्राने दोनशेच दिले तरी राज्ये आपल्या पदरची भर घालतात. घालतात, हे खरे. महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांचे मिळून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. पण ज्या राज्याची तिजोरी हलकी तेथील भर हलकी, आणि नेमका तेथेच दरिद्री वृद्ध अधिक. बिहारात वर्षानुवर्षे ही रक्कम एकूण ४०० रुपये होती. २०२५ च्या जून महिन्यात ती १,१०० करण्याचे जाहीर झाले; नोव्हेंबरात तेथे विधानसभेची निवडणूक होती. वाढ झाली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु निवडणूक जवळ आली म्हणजे म्हाताऱ्याची भूक आठवावी आणि एरवी विसरावी, याला सामाजिक सुरक्षा म्हणत नाहीत. सुरक्षा तिला म्हणावे, जिच्यावर पुढच्या महिन्याचा हिशेब मांडता येतो.

दुसरे उत्तर तिजोरीचे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींच्या घरात धरलेला होता. वृद्ध, विधवा, अपंग अशा सर्वांच्या मिळून साहाय्य कार्यक्रमास ९,६५२ कोटी. शंभर रुपयांच्या खर्चात हे वीस पैसेही होत नाहीत. शिवाय लाभार्थींच्या संख्येवर केंद्राने मर्यादा घातलेली आहे. ज्या राज्याचा कोटा भरला, तेथे यादीतला एक म्हातारा वारल्यावाचून दुसऱ्याचा क्रम लागत नाही. ज्या योजनेत रकमेलाही टाचणी आणि संख्येलाही टाचणी, तिच्यामुळे तिजोरी रिती होईल अशी भीती घालणाऱ्याने हे आकडे एकदा वाचावेत.

तिसरे उत्तर अलीकडचे आहे. २०२२ पासून ‘रेवडी’ हा शब्द राजकारणात रूढ झाला आणि गरिबाला दिलेली प्रत्येक गोष्ट त्या एका शब्दात बांधण्याची सवय पुष्कळांस लागली. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या वस्तू आणि घटनेने सांगितलेले साहाय्य यांत भेद करावयाचा नाही, हाच या सवयीचा लाभ आहे. संसदेत एक दिवस बसलेल्या मनुष्यासही आजन्म निवृत्तिवेतन मिळते, ते वेतन. आणि चाळीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईस मिळणारे दोनशे रुपये ही मात्र रेवडी! शब्दांचा असा उपयोग करणाऱ्यांनी निदान दोन्हीकडे एकच शब्द वापरण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा.

विधिमंडळाचा सभासद याहून निराळा वागू शकतो, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत. त्यांची नेमणूक सरकारनेच केलेली होती; पण त्यांचे मत सरकारच्या खिशात नव्हते. कामकरी स्त्रियांना बाळंतपणात साहाय्य मिळावे यासाठी १९२४ साली त्यांनी विधेयक आणले. सभागृहाने ते फेटाळले. परंतु जोशी कोणत्या बाजूस उभे होते हे आज शंभर वर्षांनंतरही कोणास विचारावे लागत नाही. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात याच प्रश्नावर डॉ. आंबेडकर उभे राहिले व मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला व १९७७ च्या कायद्याने ती हमी पक्की झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकार मजुरासाठी कर द्यावा, हे त्या सभागृहाने उघडपणे सांगितले. दान नव्हे तर हक्क, आणि हक्काबरोबर त्याच्या खर्चाची तरतूद, असा तो व्यवहार होता.

आजच्या सभासदाला तसे वागता येत नाही, कारण त्याचे हात बांधलेले आहेत, असेही कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. १९८५ साली घटनेस जोडलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागा जाऊ शकते. ही बंदी विश्वासदर्शक, अविश्वास अशा मोजक्याच प्रस्तावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच सुचविले होते. ते तसेच पडून राहिले. मात्र या बंधनाची ढाल पुढे करणाऱ्यास आमचा एक प्रश्न आहे. मतविभागणी मागण्यास कोणत्या परिशिष्टाची बंदी आहे? आवाजी मताचा निर्णय अमान्य करण्याचा अधिकार सभासदास आहे. घटनादुरुस्तीच्या वेळी मतविभागणी घेऊन मते नोंदवावीच लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये स्त्रियांच्या राखीव जागांचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, हे आपल्याला याचमुळे कळले. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत तर १८३६ पासून मतविभागणीच्या याद्या छापल्या जातात. जुलै २०२५ मध्ये अपंगांच्या साहाय्यात कपात सुचविणारे विधेयक तेथे आले, तेव्हा सत्ताधारी मजूर पक्षाच्या ४९ सभासदांनी विरुद्ध मत दिले; आणि त्या बंडाच्या धास्तीने सरकारला त्या कपातीचा बराच भाग मागे घ्यावा लागला. नाव छापले जाणार आहे हे ठाऊक असले की सभासदाला आपला मतदारसंघ आठवतो.

आमचे बहुसंख्य वाचक सरकारी नोकरीच्या निमित्ताने घरापासून दूर, देशाच्या कानाकोपऱ्यांत राहतात. महागाई भत्त्याचा हुकूम वर्षातून दोनदा निघतो, आणि त्यास चार दिवस उशीर झाला तरी कचेऱ्यांतून केवढी कुजबुज सुरू होते, हे आम्ही सांगावयास नको. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांना निवृत्तिवेतनाची जुनी हमी गेल्याचे दुःख केवढे झाले, तेही सर्वविदित आहे. ते दुःख न्याय्य होते. त्यासाठी संघटना झगडल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून किमान दहा हजारांची हमी असलेली नवी योजना आली. ज्यांना अनिश्चित म्हातारपणाची भीती इतकी नेमकी समजते, त्यांनीच दोनशे रुपयांवर बोट ठेवले पाहिजे. यादीवर सही करणारे, कोटा भरला म्हणून अर्ज परत करणारे, हेही आपल्यापैकीच असतात. त्या अर्जदाराचा चेहरा आपण पाहिलेला असतो, खासदाराने पाहिलेला असतोच असे नाही.

आमची मागणी थोडकी आहे. सभासदांच्या निवृत्तिवेतनास जो निर्देशांक लागू आहे तोच साहाय्य कार्यक्रमास लागू करावा. सभासदांचे स्वतःचे वेतन आणि निराधारांचे साहाय्य या दोन विषयांवरील प्रत्येक प्रस्ताव नावानिशी नोंदलेल्या मतानेच संमत व्हावा. आणि पक्षादेशाची बेडी गोस्वामी समितीने आखलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. सेवानियम आपणास सभेत भाषण करू देत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण मतपत्रिकेवर खूण करण्यास ते आड येत नाहीत. मतदाराचे मत गुप्त असते, कारण ते त्याचे स्वतःचे आहे. प्रतिनिधीचे मत त्याचे स्वतःचे नाही. ते त्याला आपण दिलेले आहे. ज्याचे त्याला तो हिशेब मिळाला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक सभासदास एवढेच विचारावे की, दोनशे रुपये दोनशेच राहिले तेव्हा आपण काय म्हणालात, ‘हो’ की ‘नाही’?